बोका कुंथतोय

रविवारी सकाळी आमचा तांबू वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसला आणि उठेचना. पाठीची कमान झालेली, शेपटीचं टोक थरथरतंय, डोळे अर्धवट मिटलेले. थोड्या वेळानं बाहेर आला, मागचा भाग चाटत बसला, पुन्हा ट्रेमध्ये गेला. वाळू कोरडीच. मी फोन उचलला आणि लिहिलं, ‘बोका कुंथतोय, काय करावं?’

उत्तरं भराभर आली आणि जवळजवळ सगळी एकाच सुरात होती. बद्धकोष्ठ असेल, लाल भोपळा शिजवून त्याचा गर द्या, चमचाभर तूप चाटवा, पाणी जास्त पाजा, एक-दोन दिवस वाट बघा. मी भोपळा आणायला माणूस पाठवला.

सल्ला खोटा नव्हता. पोट साफ न होणाऱ्या मांजराला यातलं बरंचसं चालतं. पण तांबूचं पोट साफ होतं, त्याची लघवी तुंबली होती. लघवी तुंबलेला बोका दोन दिवस वाट बघू शकत नाही. पूर्ण तुंबल्यापासून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत तो दगावू शकतो.

चूक कुठे झाली हे मला नंतर कळलं. मराठीत ‘कुंथणं’ म्हटलं की शौचच डोळ्यांपुढे येतं. म्हणजे मी प्रश्न विचारला तेव्हाच निदान करून मोकळी झाले होते आणि फोननं त्या निदानावरचा उपचार इमानानं शोधून दिला. शोधयंत्र आपल्या शब्दांशी जुळणारी पानं काढतं. हल्लीचे बोलणारे चॅटबॉटही आपण दिलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करतात. तांबूच्या पोटाला हात लावून पाहणं त्यांच्या आवाक्यात नाही. पुढे काही दिवसांनी मी तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारून पाहिला: ‘नर मांजर, सकाळपासून पाच वेळा ट्रेमध्ये गेला, दर वेळी जोर लावतो, एक थेंबही येत नाही.’ पहिल्याच ओळीत उत्तर आलं, ताबडतोब दवाखान्यात न्या. फोन तोच, बोकाही तोच. फरक इतकाच की या वेळी मी रोगाचं नाव न सांगता दिसलं तेवढंच लिहिलं होतं.

त्या रविवारी मात्र आम्हाला वाचवलं ते तळमजल्यावरच्या काकूंनी. भोपळा कशाला हवाय ते त्यांनी विचारलं, ऐकलं आणि म्हणाल्या, “अगं, आमचा बोका असाच गेला. आत्ताच्या आत्ता ऊठ.” मी उठले.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला पहिली दोन मिनिटं काही विचारलंच नाही. एका हातानं तांबूची मान धरली, दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या दिशेनं नेला आणि थांबल्या. मग माझा हात धरून तिथे ठेवला. आत लहान संत्र्याएवढा टणक गोळा लागत होता. “ही लघवीची पिशवी. दाबू नका, फुटेल. किती वाजल्यापासून?”

असं होतं कसं? बोक्याची मूत्रनळी टोकाकडे फार अरुंद होत जाते. लघवीतले बारीक खडे, चिकट स्राव आणि सुजेमुळे सुटलेल्या पेशी यांचा बुचासारखा गोळा तिथे अडकतो. कधी कधी बूच नसतंच, नुसत्या सुजेनं आणि आकसलेल्या स्नायूंनी वाट बंद होते. मादीची मूत्रनळी आखूड आणि रुंद असल्यामुळे तिच्यात हे क्वचित घडतं. बाहेर पडायला वाट नसली तरी मूत्रपिंडं काही वेळ काम करतच राहतात. पिशवी ताणत जाते, दाब उलटा मूत्रपिंडांवर येतो आणि जे शरीराबाहेर जायला हवं ते रक्तात साठू लागतं. त्यातलं सगळ्यात घातक म्हणजे पोटॅशियम. ते वाढलं की हृदयाचे ठोके मंदावतात आणि अखेर हृदय थांबतं. म्हणून तुंबलेला बोका आधी ओरडतो, मग उलट्या करतो, मग एकदम शांत होतो. घरच्यांना वाटतं, चला, आराम पडला. ती शांतता सर्वांत वाईट.

उपचार म्हणजे गुंगी देऊन बारीक नळी घालणं, सलाईननं रक्त धुऊन काढणं, पोटॅशियम चढलेलं असेल तर हृदय सांभाळणारं इंजेक्शन देणं. यातलं काहीही स्वयंपाकघरात होण्यासारखं नाही.

डॉक्टरांच्या टेबलावर काय होतं ते जरा नीट बघू, कारण बाहेरून ते फार साधं दिसतं आणि ‘एवढ्याचे पैसे घेतले?’ असं वाटून जातं. जनावर बोलत नाही, आणि मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. म्हणून डॉक्टर आधी हात लावतात आणि रोगाला नाव नंतर देतात. ओठ उचलून हिरडी बघतात. ती गुलाबी हवी. बोटानं दाबली की पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. वेळ लागला तर रक्ताभिसरण ढासळलंय. हिरडी पांढुरकी असेल तर रक्त कमी झालंय, पिवळसर असेल तर कावीळ. मानेवरची कातडी चिमटीत उचलून सोडतात, ती लगेच खाली न बसता तंबूसारखी उभी राहिली तर शरीरातलं पाणी आटलंय. जबड्याखालच्या आणि मागच्या गुडघ्यामागच्या गाठी चाचपतात. वजन करतात, कारण जवळजवळ प्रत्येक औषधाची मात्रा किलोवर ठरते. आणि ताप बघतात, गुदद्वारातून.

या तापाशी थोडं थांबायला हवं, कारण घरोघरी सगळ्यात मोठा घोटाळा इथे होतो. माणसाचं नेहमीचं तापमान 98.6 अंश फॅरनहाइटच्या आसपास. कुत्र्यामांजराचं मुळातच जास्त असतं, साधारण 101 ते 102.5. आपण थर्मामीटर लावतो, 102 दिसतं आणि छातीत धस्स होतं. नुसता हात लावला तरी अंग गरमच लागतं. नाक कोरडं म्हणजे ताप, हीसुद्धा घरोघरची समजूत; झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. मग नसलेल्या तापावर औषध शोधलं जातं आणि घरातल्या डब्यात पॅरासिटामॉल असतंच.

मांजराला पॅरासिटामॉल हे विष आहे. हे मी अगदी शब्दशः लिहिते आहे. आपल्या यकृतात या औषधाला ग्लुकुरोनिक आम्लाचा रेणू जोडला जातो, त्यामुळे ते पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. ही जोडणी करणारं विकर मांजरात जवळजवळ कामच करत नाही. पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ मांसावर जगलेल्या प्राण्याला वनस्पतींमधली विषं पचवायची गरज पडली नाही आणि ती यंत्रणा निकामी होत गेली, असं मानलं जातं. त्यामुळे औषध दुसऱ्या वाटेनं मोडतं आणि त्यातून जे निर्माण होतं ते तांबड्या पेशींवर तुटून पडतं. हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहायची ताकद जाते. रक्त चॉकलेटी होतं, हिरड्या मातकट किंवा निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. आता हिशेब बघा. साठ किलोच्या माणसानं 500 मिलिग्रॅमची गोळी घेतली तर किलोमागे आठ मिलिग्रॅम झाले. तीच गोळी चार किलोच्या मांजराला दिली तर 125. एकच गोळी जीव घ्यायला पुरते. अर्धी दिली, पाव दिली, सिरप दिलं म्हणूनही सुटका नाही. यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा. म्हणून चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणं दिसायची वाट न बघता, संकोच न करता, गोळीची पट्टी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावं. तिथे खरं सांगितल्यानं जेवढे प्राण वाचतात तेवढे कशानंच नाही.

कुत्र्याला हे औषध मांजरापेक्षा जास्त सोसतं, म्हणून ते आपल्या मनानं द्यावं असं नाही. आणि आयबुप्रोफेन तर कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतं, मूत्रपिंडंही निकामी करू शकतं. औषध तेच आणि प्राणी बदलला की काय होतं, हे आपल्या देशानं फार मोठ्या प्रमाणावर पाहिलंय. डायक्लोफेनॅक गाईगुरांना दुखण्यावर सर्रास दिलं जायचं आणि त्यांना ते सोसायचं. अशा गुरांचं मढं खाल्लेली गिधाडं मात्र मूत्रपिंडं बंद पडून मेली, आभाळं रिकामी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आणावी लागली.

कधी फोनवरचा सल्ला अर्धा बरोबर असतो, आणि तो पकडायला जास्त कठीण. गोचीडतापाचं उदाहरण घ्या. कुत्रा मलूल झाला, अंगावर गोचिडी सापडल्या, कुणीतरी डॉक्सिसायक्लिन सुचवलं. एर्लिकिया नावाच्या जंतूवर ते खरोखरच चालतं, पण साधारण चार आठवडे सलग द्यावं लागतं. पाच दिवसांत कुत्रा उठून जेवायला लागतो, घरचे पट्टी बाजूला ठेवतात आणि आजार आतल्या आत दबा धरून राहतो. शिवाय तीच गोचीड बॅबेसियाही देते. तो तांबड्या पेशींत शिरतो आणि त्याला वेगळी औषधं लागतात. बाहेरून दोन्हींत ताप, मलूलपणा, भूक मंद. फरक कळायला काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो.

एका बाबतीत तर धोका आपल्यालाच आहे. कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, जबडा लोंबतो, पाणीही गिळता येत नाही. ‘घशात हाड अडकलं’ असा शोध घेतला जातो आणि मग तोंडात हात घालून हाड काढायचा प्रयत्न होतो. हे रेबीजचं शांत रूप असू शकतं. असं दिसलं तर हात घालायचा नाही. घातला गेला असेल, लाळ ओरखड्याला लागली असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जायचं.

मग फोन बाजूलाच ठेवायचा का? मला तसं वाटत नाही. डॉक्टरांना सांगण्यासाठी त्याच्याइतकं चांगलं साधन नाही. खोकला असो, लंगडणं असो की झटका, दवाखान्यात गेल्यावर नेमका थांबतो, म्हणून घरीच व्हिडिओ काढून ठेवावा. उलटीचा, शीचा, हिरडीचा फोटो उजेडात काढावा. जनावर गाढ झोपलेलं असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजावं. तीसच्या वर सतत जात असेल तर कळवावं. शेवटचं कधी खाल्लं, शेवटची लघवी कधी झाली, वजन किती, घरातलं कोणतं औषध, फिनेल किंवा उंदराचं विष हाताशी होतं का, हे लिहून ठेवावं. ज्या डॉक्टरांनी जनावर आधी तपासलंय त्यांना हे पाठवलं तर पुष्कळदा येरझार वाचते. एखादी उलटी झाली, पण कुत्रं खेळतंय, पाणी पितंय, अशा वेळी ते स्वतःच ‘उद्या सकाळपर्यंत बघू’ म्हणतात. लघवी अडणं, धाप, झटके, पांढऱ्या हिरड्या, फुगलेलं पोट, लस न झालेल्या पिल्लाला रक्ताचे जुलाब आणि विष पोटात गेल्याची शंका, यांत मात्र फोन फक्त ‘दवाखाना उघडा आहे का?’ हे विचारण्यापुरता. आणि मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. हा सल्ला खूप फिरतो आणि रक्तातलं मीठ चढून जनावर त्यानंच दगावू शकतं.

लोक फोनकडे का वळतात हेही मला कळतं. रक्ततपासणी, सोनोग्राफी, दोन दिवसांचं सलाईन म्हटलं की बिल हजारांत जातं. तालुक्याच्या गावी गुरांचे डॉक्टर असतात, मांजर बघणारं कुणी नसतं. तरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पाहावं. श्रेणी 1 च्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी असतात. परळचं 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली महाविद्यालयं, यांच्या दवाखान्यांत कुत्री-मांजरंही तपासली जातात. पैशांची अडचण डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगावी. कोणती तपासणी आत्ताच हवी आणि कोणती थांबू शकते, हे ते ठरवू शकतात. आम्हालाही तसं ठरवून मिळालं.

तांबू तीन दिवस दवाखान्यात राहिला. नळीला जोडलेल्या पिशवीत पहिल्या दिवशी लालसर लघवी उतरली, तिसऱ्या दिवशी पिवळी. घरी आल्यावर कोरडं खाणं कमी करून ओलं वाढवलं, पाण्याची भांडी एकाऐवजी तीन ठिकाणी ठेवली, कारण हा त्रास पुन्हा उद्भवतो. ट्रेमधली वाळू ओली झाली की तिचे गोळे बनतात. रोज सकाळी मी खोरणं घेऊन ते मोजते आणि कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात आकडा लिहिते. आज तीन होते.