काडीकचऱ्यातले तेल

तेलाचा प्रश्न निघाला, की आखाताकडे डोळे लावून बसण्याची सवय आपल्या देशाला जडली आहे. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून येते, आणि तिकडे कोठे तोफ धडाडली की तिचा हादरा येथल्या चुलीपर्यंत पोहोचतो. याच देशात कापसाची वेचणी संपली, की शेतकरी पऱ्हाट्यांचे ढीग रचून त्यांना काडी लावतो. एकीकडे इंधनाची याचना आणि दुसरीकडे इंधनाची होळी, ही विसंगती दूर करण्याचा एक मार्ग रसायनशास्त्राने दाखवून दिला आहे. त्याचा धागा हैदराबादेत सापडतो, आणि तो आपल्या किनाऱ्यापर्यंत आणता येण्याजोगा आहे, असे आम्हांला वाटते.

या मार्गाचे शास्त्रीय नाव पायरोलिसिस, म्हणजे हवेवाचून तापवून पदार्थाचे विघटन करणे. लाकूड उघड्यावर जाळले, तर शेवटी राख उरते. तेच बंद भांड्यात प्राणवायू न देता तापवले, तर ते पेटत नाही, फुटते. त्याचा काही भाग कोळसा होऊन राहतो, काही ज्वलनशील वायू होतो आणि उरलेल्याची वाफ होते. ही वाफ झटपट थंड केली, की काळसर तपकिरी, धुरकट वासाचा द्रव मिळतो. तेच जैवतेल. बारीक केलेला कोरडा भुसा सुमारे ५०० अंश सेल्सिअसला एकदम तापवून त्याची वाफ दोनएक सेकंदांत निववली, तर चांगल्या लाकडापासून वजनाच्या ६० ते ७५ टक्के द्रव हाती येतो. पेंढ्यासारख्या राखाळ मालात हे प्रमाण बरेच उतरते. उष्णता सावकाश दिली, तर तेल घटते आणि कोळसा वाढतो. आपल्याकडील कोळसाभट्टी पिढ्यानुपिढ्या हेच करीत आली. फरक एवढाच, की तिचे तेल धुराच्या रूपाने आकाशात जात असे.

हैदराबादचे नाव यात योगायोगाने आलेले नाही. १९४४ साली हैदराबाद संस्थानने तेथे मध्यवर्ती प्रयोगशाळा स्थापली, त्या वेळी मराठवाड्याचे पाच जिल्हे त्याच संस्थानात होते. त्या प्रयोगशाळेच्या खर्चात मराठी शेतकऱ्याच्या शेतसाऱ्याचाही वाटा होता, याची आठवण ठेवणे अप्रस्तुत ठरू नये. हीच संस्था पुढे प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा आणि १९८९ पासून भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था झाली. दगडी कोळसा हवेवाचून मंद तापवून त्यापासून बिनधुराचे इंधन व डांबर काढण्याचे दीर्घ संशोधन येथे झाले. ओल्या कचऱ्यासाठी तिने वेगळी वाट काढली. बोयनपल्लीच्या भाजीबाजारात दररोज सुमारे दहा टन टाकाऊ भाजीपाला जंतूंकरवी कुजवून त्याच्या वायूवर ५०० युनिट वीज निर्माण होत असल्याची वार्ता २०२१ साली देशभर गेली. ओले ते जंतूंकडे, कोरडे ते अग्नीकडे, असा हा सरळ हिशेब आहे.

त्याच शहरातील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने केलेला प्रयोग तर अधिकच बोलका आहे. तेथील शास्त्रज्ञांनी तेलाच्या जुन्या पिंपाची भट्टी केली. तीत पऱ्हाट्या, तुराट्या, एरंडीची खोडे भरायची, पेटवायची आणि योग्य क्षणी भोके लिंपून हवा तोडायची. मिळालेला जैवकोळसा शेतात घातला, तर तो ओल धरतो आणि मातीत दीर्घकाळ टिकतो. परदेशी तेलाचे रिकामे पिंप स्वदेशी जमिनीच्या कामी यावे, याहून समर्पक चित्र कोणते? या पिंपातून वाफ मात्र अजून निसटते. ती धरणे, हा पुढचा टप्पा होय.

तथापि उत्साहाच्या भरात कोणी याला पेट्रोल समजू नये. जैवतेलात १५ ते ३० टक्के पाणी असते. ते व्हिनेगरसारखे आंबट असल्यामुळे साधे लोखंड खाते, साठवले तर दाट होते आणि डिझेलमध्ये मिसळत नाही. त्याचे अडीच किलो जाळावे, तेव्हा फर्नेस तेलाच्या एका किलोइतकी उष्णता मिळते. मोटारीत घालण्याजोगे करायचे, तर त्यावर हायड्रोजनची खर्चिक प्रक्रिया करावी लागते. त्याचे खरे स्थान आज बॉयलरखाली आहे. नेदरलँड्समधील हेंगेलो येथे २०१५ साली सुरू झालेल्या कारखान्याचे जैवतेल एका दुग्धप्रक्रिया उद्योगाच्या बॉयलरसाठी नैसर्गिक वायूऐवजी वापरले गेले. आरंभ असाच माफक असावा.

मोठ्या घोषणांचे काय होते, हे आपण पाहिलेच आहे. आमच्या कुंपणांवरच्या मोगली एरंडाला एके काळी डिझेलचे झाड म्हणून डोक्यावर घेण्यात आले. २००९ च्या राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. बायोडिझेल त्याच्या आसपासही पोहोचले नाही. दुसरा धडा भद्रावतीचा. १९२३ साली सुरू झालेल्या म्हैसूर संस्थानच्या त्या लोखंड कारखान्यात लाकडाचा कोळसा करताना निघणाऱ्या वाफांतून मद्यार्क व डांबर मिळवीत. विश्वेश्वरय्यांच्या दूरदृष्टीचे ते फळ होते. पण त्या भट्ट्यांची भूक भागवावी लागली ती जंगलाला. म्हणून पहिली अट ही, की भट्टीत उरलेसुरले जावे, उभे झाड नव्हे.

आपल्या किनाऱ्यावर उरलेसुरले काय थोडे आहे? नारळाच्या करवंट्या आहेत, झावळ्या आहेत, भाताचे तूस आहे आणि काजूची टरफले आहेत. टरफलातला चीक कामकरी बायांचे हात पोळतो. तेच तेल नीट काढले, तर रंगाच्या व ब्रेकच्या उद्योगाला हवे असते. तेल काढून उरलेली पेंड उघड्यावर जाळली, की तिचा झोंबरा धूर वाड्यावाड्यांतून पसरतो. एखाद्या काजू कारखान्याच्या आवारात छोटी बंद भट्टी उभी राहिली, तर धूर थांबेल, तेल व वायू त्याच कारखान्याच्या बॉयलरला लागतील आणि कोळसा आमच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत बागायतीच्या कामी येईल. अडचण आहे ती पावसाची. माल दहा टक्क्यांहून अधिक ओला असेल, तर पाणी आटवण्यातच उष्णता खर्ची पडते. तेव्हा चार महिन्यांच्या पावसाळ्यासाठी कोरडी कोठारे बांधावी लागतील. हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही, गावच्या व्यवस्थेचा आहे.

दुसरी अट याहून महत्त्वाची. ज्या दिवशी काडीकचऱ्याला भाव येतो, त्या दिवशी त्याला मालकही फुटतो. आज गरिबाघरची चूल ज्या काटक्यांवर पेटते, त्याच उद्या दलालाच्या ट्रकात गेल्या, तर या विज्ञानाने गरिबाचे काय साधले? पेंढा हलका व फुगीर, तर तेल पाण्याहूनही जड. म्हणून गावातच भट्टी चालवून तेल बाहेर पाठवणे वाहतुकीच्या दृष्टीने फायद्याचे आहे, आणि न्यायाच्या दृष्टीनेही. मोबदला शेतकऱ्याच्या हाती आणि कोळसा त्याच्या शेतात परत, ही विभागणी सहकारी संस्थांमार्फतच टिकेल.

सरकारने यासाठी घोषणांचे पीक काढू नये. कृषी विद्यापीठे, काजू कारखानदार आणि हैदराबादच्या या संस्था यांना एकत्र आणून किनाऱ्यावरच्या एका तालुक्यात दोन पावसाळे एक भट्टी चालवून दाखवावी, जमाखर्च लोकांपुढे मांडावा, आणि तो जमला तरच पुढे जावे. खनिज तेल भूमीच्या पोटात कोणाला किती मिळाले, हा दैवाचा भाग होता. दरसाल उगवणाऱ्या काडीचे काय करायचे, हे मात्र आपल्या हाती आहे.