मानवी दंतमज्जेतील जैवरासायनिक घटकांचे मोजमाप

प्रस्तावना :
दाताच्या कठीण दंतिनाच्या आत असलेल्या मऊ संयोजी ऊतीस दंतमज्जा किंवा ‘पल्प’ असे म्हणतात. तिचा दाह झाल्यास ती वाचवावी की काढून टाकून रूट कॅनाल उपचार करावा, हा निर्णय दंतवैद्यास घ्यावा लागतो. शीत व विद्युत चाचण्यांतून केवळ चेतातंतूंचा प्रतिसाद कळतो. ऊतीची अवस्था थेट कळत नाही. म्हणूनच तिच्या जैवरासायनिक अभ्यासास महत्त्व आहे.

नमुन्याचे स्वरूप :
प्रौढाच्या एका दातातील दंतमज्जेचे सरासरी आकारमान सुमारे ०.०२ मिलिलिटर असते. तीत साधारणतः ७५ टक्के पाणी व २५ टक्के सेंद्रिय द्रव्य असते. म्हणजे २० मिलिग्रॅम ओल्या ऊतीतून जेमतेम ५ मिलिग्रॅम शुष्क द्रव्य हाती येते. निरोगी नमुने मुख्यतः उपचारासाठी काढलेल्या अक्कलदाढा व उपदाढा यांपासून, रुग्णाच्या संमतीने मिळविले जातात. दात थंड ठेवून दुभंगला जातो. मज्जा अलग करून तोलली जाते व त्वरित गोठविली जाते. विलंब झाल्यास विकरे प्रथिनांचे विघटन करतात, तर रक्त राहिल्यास त्यातील प्रथिनेही मज्जेचीच म्हणून मोजली जातात.

मापनपद्धती :
एकूण प्रथिनांसाठी लॉरी (१९५१) किंवा ब्रॅडफोर्ड (१९७६) यांची वर्णमापन पद्धत वापरतात. कोलॅजेनचे मापन अप्रत्यक्ष असते. ऊतीचे आम्लात जलविच्छेदन करून हायड्रॉक्सिप्रोलीन हे अमिनो आम्ल मुक्त करतात, त्याचे क्लोरामाइन-टीने ऑक्सिडीकरण करतात व एर्लिक अभिकर्मकाने येणाऱ्या रंगाची तीव्रता मोजतात. या आकड्यास ठरावीक गुणकाने गुणून कोलॅजेनचे प्रमाण काढले जाते.

छेदाचा प्रश्न :
घटकाचे प्रमाण कशाच्या तुलनेत सांगितले, यावर निष्कर्ष अवलंबून असतो. २० मिलिग्रॅम मज्जेस ५ मिलिग्रॅम लवणजल चिकटून राहिले, तर ओल्या वजनाच्या तुलनेत कोलॅजेन २० टक्क्यांनी कमी भासते. प्रत्यक्षात त्यात काहीही घट झालेली नसते. शुष्क वजनाच्या तुलनेत ही चूक जवळजवळ नाहीशी होते. पेशींची संख्या बदलत असल्यास डीएनएशी तुलना अधिक उपयुक्त ठरते.

निष्कर्ष :
दाहग्रस्त व निरोगी मज्जेतील फरक सिद्ध करण्यापूर्वी दोन्ही नमुने एकाच रीतीने मिळविलेले असणे आवश्यक आहे. वय, दाताचा प्रकार, गोठविण्यापर्यंतचा कालावधी, गुणक व छेद यांची नोंद नसलेला आकडा कितीही सूक्ष्म असला, तरी उपचाराचा निर्णय त्यावर आधारता येणार नाही.