बाल्साच्या ठोकळ्यातून एचटी-२

विमानाची स्थिर प्रतिकृती उडवण्यासाठी नसते. मूळ विमानाचा आकार, बांधा आणि रंग पाहणाऱ्याला नेमका कळावा, एवढेच तिचे काम. उडणाऱ्या मॉडेलमध्ये वजन आणि तोल साधण्यासाठी आकाराला मुरड घालावी लागते. स्थिर प्रतिकृतीला तशी सवलत नाही. एनसीसीच्या हवाई शाखेतील कॅडेट उडणाऱ्या मॉडेलांबरोबर अशा प्रतिकृतीही बनवतात.

कोणते विमान करावे, याचे उत्तर सांगलीतल्या विश्रामबागेत शोधायला लांब जावे लागत नाही. धोंडुमामा साठे यांनी १९४७ मध्ये सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय इथे आहे आणि त्याला १९५५ पासून शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव आहे. याच वालचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ हा कारखाना उभा केला. पुढे सरकारी झालेल्या या कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे दाखल झाले. त्यांनी जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली होती. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. हवाई दलाच्या वैमानिकांच्या कित्येक तुकड्या त्यावर उड्डाण शिकल्या. दुकानातल्या प्लास्टिक किटमध्ये स्पिटफायर आणि मस्टँग हवे तितके मिळतात, एचटी-२ सहसा दिसत नाही. म्हणूनच ते हाताने घडवण्यात अर्थ आहे.

मूळ विमान सगळे धातूचे होते. प्रतिकृतीसाठी मात्र बाल्सासारखे लाकूड नाही. बाल्साचे झाड आपल्या काटेसावरीच्या कुळातले. जगातला बराचसा बाल्सा इक्वेडोरमधून येतो. झाड झपाट्याने वाढते आणि सहा ते दहा वर्षांत तोडायला येते. जिवंतपणी त्याच्या मोठ्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. भट्टीत वाळवल्यावर पातळ भिंतींच्या रिकाम्या पेशी उरतात. त्यामुळे मॉडेलसाठी वापरल्या जाणाऱ्या बाल्साच्या एका घनमीटरचे वजन साधारण १०० ते २०० किलो भरते, तर सागाचे सहाशेच्या पुढे जाते. इतके हलके असूनही वजनाच्या मानाने ते ताठ असते. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘मॉस्किटो’ या ब्रिटिश विमानाचे धड प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा भरून केलेले होते.

एकाच फळीत बाल्सा कुठे मऊ, कुठे कडक लागतो. धडासाठी मध्यम, एकसारखा ठोकळा निवडावा. फार हलका बाल्सा ब्लेडखाली चुरतो आणि कडा धरत नाही. शेपटीच्या पातळ भागांसाठी आडवी सहज न वाकणारी, ताठ पट्टी घ्यावी.

कामाची खरी सुरुवात नकाशापासून होते. वरून, बाजूने आणि समोरून अशी तीन दृश्ये असलेला आराखडा हवा, सोबत जमतील तेवढी छायाचित्रे. एचटी-२ च्या पंखांची लांबी टोकापासून टोकापर्यंत १०.७२ मीटर आणि विमानाची लांबी ७.५३ मीटर. १/२४ प्रमाण धरले, तर प्रतिकृतीचे पंख सुमारे ४४.७ सेंटिमीटर आणि लांबी ३१.४ सेंटिमीटर येते. आकार टेबलावर मावतो आणि बारकावेही दाखवता येतात.

धडाच्या ठोकळ्यावर आधी बाजूची आकृती गिरवून जादा लाकूड कापतात, मग वरची आकृती गिरवून पुन्हा कापतात. आता ठोकळा चौकोनी काटछेदाचा, पण दोन्ही दिशांनी बरोबर असतो. कडा तासून त्याला गोलाई देताना मध्यरेषा पुसू देऊ नये. ती गेली की दोन बाजू सारख्या राहत नाहीत. ठरावीक अंतरांवरचे काटछेद पुठ्ठ्यात कापून ठेवावेत आणि दर थोड्या वेळाने ते धडावर लावून पाहावेत. डोळ्याच्या अंदाजावर विसंबणारे इथेच फसतात.

एचटी-२ चे नाक विशेष लक्ष देऊन करावे. त्याच्या सिरस मेजर इंजिनाचे चार सिलिंडर एका ओळीत, उलटे, म्हणजे डोके खाली करून बसवलेले होते. त्यामुळे पंख्याचा आस उंचावर येतो आणि त्याखाली नाक अरुंद व खोल होते. नाक गोल, बोथट केले तर विमान ओळखू येत नाही, बाकी काम कितीही सफाईचे असो.

पंख फळीतून कापतात. पुढची कड गोल, मागची पातळ, आणि मुळापासून टोकाकडे जाडी कमी होत जाणारी. डावा व उजवा पंख एकत्र टाचून बाह्याकृती कापली, तर दोन्ही जुळतात. पंख धडाला खालच्या अंगाने जोडताना टोके किंचित वर चढलेली असतात. दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून फेव्हिकॉल रात्रभर वाळू द्यावा. झटपट चिकटणारा गोंद इथे टाळलेला बरा, कारण कोन सुधारायला तो वेळच देत नाही.

घासाईला घाई नको. १२० नंबरच्या पॉलिश पेपरपासून ४०० पर्यंत जावे आणि सपाट जागी पेपर ठोकळ्यावर गुंडाळून घासावे. बाल्साची छिद्रे बुजवण्यासाठी सँडिंग सीलरमध्ये टाल्कम पावडर कालवून तीन-चार हात देतात आणि प्रत्येक हातानंतर घासतात. धातूच्या पत्र्याचा भास होणार की लाकूड दिसत राहणार, हे रंगापेक्षा या पायरीवर ठरते. पातळ भागांना दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सीलर द्यावा, नाहीतर ते वाकतात. जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत हे काम टाळावे. सीलरमधले द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर जमते आणि पांढरट डाग राहतात.

आसनांवरचे पारदर्शक झाकण करण्यासाठी आधी त्याचा लाकडी साचा घडवतात आणि गरम करून मऊ केलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा त्यावर ओढतात. चाकांचे पाय पोलादी तारेचे करून पंखात खोल रोवावेत. वजन त्यांनाच पेलायचे असते.

रंगासाठी एक विशिष्ट विमान आणि एक विशिष्ट काळ निवडावा, कारण सगळी एचटी-२ एकाच रंगात नव्हती. हवाई दलाचे गोल चिन्ह बाहेरून आत केशरी, पांढरे, हिरवे असे येते. हा क्रम उलटा झालेल्या प्रतिकृती पुष्कळ दिसतात. शेवटी विमान सपाट पृष्ठभागावर ठेवावे. एचटी-२ चे तिसरे चाक शेपटीखाली आहे, त्यामुळे ते नाक वर करून उभे राहते आणि त्याला वेगळा स्टँड लागत नाही. तो कोन आराखड्यातल्या बाजूच्या दृश्याशी ताडून घ्यावा. जुळला नाही, तर तारेचे पाय थोडे वाकवून दुरुस्त करता येतात.