चेन्नईचे वार्तापत्र : रक्त गेले, राळा राहिला

महाराष्ट्रात कार्तिकस्वामी म्हटला की ब्रह्मचारी देव, बायकांनी त्याच्या दर्शनाला जायचे नाही हा जुना दंडक, आणि गणपतीला मात्र दोन्ही बाजूंना ऋद्धि-सिद्धी. चेन्नईत हा हिशेब नेमका उलटा आहे. इथे गणपती, म्हणजे पिळ्ळैयार, हा थोरला भाऊ आणि अविवाहित. धाकटा मुरुगन दोन बायकांचा नवरा. एक इंद्राची मुलगी देवयानै, दुसरी डोंगरातल्या कुरवर जमातीची, राळ्याचे शेत राखणारी वळ्ळी. मराठी वाचकाला हे घर ओळखीचे वाटेल ते खंडोबामुळे. तिथेही म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. एक रीतसर लग्नाची, दुसरी देवाने रानात जाऊन आणलेली. तमिळ माणूस ज्याला ‘तमिळ कडवुळ’ म्हणजे तमिळांचा देव म्हणतो तो हा मुरुगन. त्याच्यावर हक्क सांगायला सगळ्याच पक्षांची धावपळ असते. २०२० मध्ये भाजपने त्याच्या भाल्याच्या, म्हणजे ‘वेल’च्या नावाने यात्रा काढली, २०२१ पासून तैपूसमच्या सणाला सरकारी सुट्टी मिळाली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पेरियारांचा वारसा सांगणाऱ्या सरकारने पळनीला दोन दिवसांचे आंतरराष्ट्रीय मुरुगन संमेलन भरवले. देव नाकारणाऱ्यांच्या वारसांना ज्याच्यासाठी मांडव घालावा लागतो, त्याला प्रमुख देव म्हणायला हरकत नसावी.

तरी हरकत घेतली जाते, आणि ती अगदीच पोकळ नाही. तमिळनाडूतली भव्य मंदिरे शिवाची आणि विष्णूची आहेत. तंजावरचे बृहदीश्वर शिवाचे, श्रीरंगम विष्णूचे. खुद्द चेन्नईत मयिलापूरचे कपालीश्वर आणि तिरुवल्लिक्केणीचे पार्थसारथी हीच मानाची देवळे. मग मुरुगन प्रमुख कसा? मला वाटते, प्रमुख देव हा प्रश्न दोन ठिकाणी विचारावा लागतो, राजाच्या दरबारात आणि शेताच्या बांधावर, आणि उत्तरे सहसा वेगळी येतात. युरोपच्या उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स लोकांचा ओडिन हा देवांचा राजा, युद्धाचा आणि कवित्वाचा स्वामी, भालाधारी. पण ब्रेमेनच्या आदाम नावाच्या धर्मोपदेशकाने अकराव्या शतकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या मंदिराचे जे वर्णन लिहिले, त्यात मधल्या आसनावर ओडिन नाही, थोर आहे. लोकांच्या गळ्यात ताईत असे तोही थोरच्या हातोड्याचा. दरबाराचा देव ओडिन, घराचा थोर. तमिळ देशात दरबार शिवाकडे आणि विष्णूकडे गेला, घर मुरुगनने राखले. भालाही त्याच्याच हातात राहिला.

या दोन भालाधारी देवांची जुनी पूजा कशी होत असे, हे कळण्याची साधने मात्र फार वेगवेगळी आहेत. नॉर्स पूजेविषयी जे सविस्तर लिहिले गेले ते बहुतेक ख्रिस्ती लेखणीतून. आदामने उप्साला स्वतः पाहिले नव्हते. दर नऊ वर्षांनी तिथे उत्सव होई, प्रत्येक जातीच्या प्राण्यांचे नऊ नर बळी देऊन त्यांची धडे, माणसांचीसुद्धा, पवित्र राईत टांगत, हे त्याने ऐकून लिहिले. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने तेराव्या शतकात बळीचे रक्त भांड्यात धरून डहाळ्यांनी भिंतींवर आणि माणसांवर शिंपडण्याचे, मांस शिजवून एकत्र जेवण्याचे, ओडिनच्या नावाने विजयासाठी पेला उचलण्याचे वर्णन केले. पण तोवर त्या बेटाला ख्रिस्ती होऊन दोन शतके उलटली होती. तमिळांकडे याउलट आतून लिहिलेला कागद आहे. ‘तिरुमुरुगाट्रुप्पडै’ हे नक्कीररच्या नावावरचे दीर्घकाव्य ‘पत्तुप्पाट्टु’ या दहा काव्यांच्या संग्रहातले पहिले. काही अभ्यासक ते इतर संगम, म्हणजे प्राचीन तमिळ, कवितांहून उशिराचे धरतात, तरी ते रचणारा मुरुगनचा भक्त आहे, परका साक्षीदार नव्हे. मुरुगन कुठे कुठे राहतो हे सांगत ते वाचकाला सहा ठिकाणी नेते आणि त्यातल्या दोन ठिकाणच्या पूजा शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. एके ठिकाणी अठ्ठेचाळीस वर्षे ब्रह्मचर्य पाळलेले, तीन अग्नी राखणारे ब्राह्मण ओलेत्याने उभे राहून सहा अक्षरांचा मंत्र पुटपुटतात. शेवटच्या ठिकाणी, डोंगरात, राळ्याचे दाणे फुलांबरोबर उधळले जातात, कोंबड्याचे निशाण उभारले जाते, बोकड कापला जातो, त्याच्या रक्तात कालवलेला पांढरा भात ठेवला जातो, हळद शिंपडतात, लाल कण्हेरीच्या माळा बांधतात, वाद्ये कडाडतात, आणि एक कुरमगळ, डोंगरी जमातीची बाई, देवाला अंगात बोलावते. कवीला या दोहोंत विसंगती दिसत नाही. दोन्ही ठिकाणी तोच देव येतो, एवढेच तो सांगतो.

या काव्यावरून ‘आर्यांनी द्रविडांचा देव पळवला’ अशी सोपी गोष्ट सांगणारे चेन्नईत पुष्कळ भेटतात, आणि ‘मुरुगन मुळातच वैदिक स्कंद’ असे म्हणणारेही कमी नाहीत. दोघांचीही पंचाईत हेच काव्य करते. मंत्र आणि रक्त एकाच कवितेत असतील, तर एकाने दुसऱ्याला एका झटक्यात हाकलले असे म्हणता येत नाही, आणि दुसरे नंतर घुसले असेही नाही. मला मांडायचा मुद्दा त्यापुढचा आहे. जुनी पूजा नाहीशी झाली नाही, तिची वाटणी झाली. राळा गाभाऱ्यात राहिला, बोकड शेजारच्या देवांकडे गेला, आणि बळीची जागा भक्ताने स्वतःच्या देहाने भरून काढली.

त्याआधी जुन्या कवितांविषयीचा एक आक्षेप निकालात काढायला हवा. संगम काळाच्या प्रेमकवितांत ‘वेलन’ हा मुरुगनचा भालाधारी भगत वारंवार येतो. मुलगी झुरते, खंगते. आईला वाटते मुरुगनने धरले. वेलनला बोलावले जाते. तो गोट्यांसारख्या कळंगूच्या बिया टाकून कौल लावतो, बोकड कापतो, रात्रभर ‘वेरियाट्टम’ म्हणजे अंगात येऊन नाचतो. मुलीला आणि तिच्या सखीला ठाऊक असते की दुखणे प्रियकराचे आहे. ‘नट्रिणै’ संग्रहातल्या एका कवितेत तर सखी थेट मुरुगनलाच ऐकवते की तू देव असशील, पण या कामात अडाणी आहेस. मग कवींचा या पूजेवर विश्वास नव्हता, ती खेडवळ भाबडेपणा म्हणून त्यांनी रंगवली, असा निष्कर्ष काढला जातो. मला तो पटत नाही. ज्या विधीची खिल्ली उडवायची तो ऐकणाऱ्यांच्या घरोघरी होत असला तरच विनोद साधतो. शिवाय हे हसणे घरातले आहे. आदामच्या लिखाणात उप्सालाविषयी किळस आहे, संगम कवितेत वेलनविषयी थट्टा आहे, आणि साक्षीदार म्हणून मी थट्टा करणाऱ्यावर अधिक विसंबेन.

दगडमातीचा पुरावा मात्र जपून वापरला पाहिजे. एळुंबूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात आदिच्चनल्लूरच्या दफनभूमीतल्या वस्तू आहेत: सोन्याच्या पट्ट्या, काशाची भांडी, लोखंडी भाले. ॲलेक्झांडर री याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या खणून काढल्या. भाले आणि सोन्याच्या पट्ट्या पाहून अनेकांना मुरुगनचा वेल आणि मुरुगनची कावडी खांद्यावर वाहणाऱ्या भक्तांच्या तोंडावरचे बंध आठवले. पण लोहयुगातल्या कबरीत भाला सापडला तर तो मेलेल्याचे हत्यार असण्याची शक्यता जास्त. साळुवनकुप्पमचा पुरावा अधिक भक्कम आहे. २००४ च्या त्सुनामीने मामल्लपुरमजवळच्या किनाऱ्यावरची वाळू हलली, शिलालेख उघडे पडले आणि त्यांच्या मागावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने खोदकाम केले. पल्लवकाळच्या दगडी मंदिराखाली त्याहून जुने विटांचे मंदिर निघाले, उत्तरेकडे तोंड असलेले, आणि सोबत दगडात घडवलेला वेल. शिलालेखांत पल्लव आहेत, चोळ आहेत, आणि राष्ट्रकूट राजा कृष्ण तिसरा याचाही काळ आहे. ९४९ मध्ये तक्कोलमला चोळांना हरवून मान्यखेटचा हा राजा इथवर आला होता. विटांच्या मंदिराच्या नेमक्या वयावर वाद घालता येईल. पण पल्लवांनी दगड रचण्याच्या आधी समुद्रकाठी मुरुगनचे विटांचे देऊळ होते, हे त्यामुळे ढळत नाही. डोंगरातला वेलन कवितेत नाचत होता तेव्हा किंवा त्यानंतर फार उशीर न होता देव सपाटीवर, भिंतींच्या आत आला होता.

भिंतींच्या आत आल्यावर पूजेचे मानकरी बदलतात. पळनीची परंपरा सांगते की तिथले मूळ पुजारी पंडारम होते आणि सतराव्या शतकात तिरुमलै नायकाचा सेनापती रामप्पय्यन याने त्यांना बाजूला सारून ब्राह्मण गुरुक्कळ आणले. मोठ्या मुरुगन मंदिरांत आज बोकड कापला जात नाही. पण मधात कालवलेले राळ्याचे पीठ, ‘तेनुम तिनैमावुम’, अजून नैवेद्यात असते, आणि वळ्ळीच्या शेतातला तो दाणा म्हणून भक्त त्याचे कौतुकही करतात. म्हणजे कवितेतल्या त्या ताटातला धान्याचा अर्धा भाग ब्राह्मण पुजाऱ्याच्या हातूनही देवापुढे येतो. रक्ताचा अर्धा भाग मुनीश्वरन, करुप्पन, अम्मन या ग्रामदेवतांकडे गेला. जेजुरीच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको: खंडोबाला पुरणपोळी आणि बोकड गाभाऱ्याबाहेर. मद्रास सरकारने १९५० मध्ये पशुबळीबंदीचा कायदा केला, तो जवळजवळ कागदावरच राहिला. २००३ मध्ये जयललिता सरकारने त्याची कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा खेडोपाडी एवढा असंतोष माजला की २००४ च्या सुरुवातीला कायदाच मागे घ्यावा लागला. मुरुगनची मंदिरे या भांडणात कुठेच नव्हती. त्यांचा रक्ताशी हिशेब आधीच चुकता झाला होता, असे दिसते.

पण तो खरोखर चुकता झाला होता का? आडी कृत्तिकेच्या सणाला तिरुत्तणीच्या वाटेवर किंवा वडपळनीच्या देवळाभोवती जे दिसते ते वेगळेच सांगते. खांद्यावर मोरपिसांची कावडी, गालांतून किंवा जिभेतून आरपार गेलेला छोटा वेल, ज्याला ‘अलगु’ म्हणतात, आणि ‘वेट्रिवेल मुरुगनुक्कु अरोहरा’च्या आरोळीत अंगात आलेली माणसे. वडपळनीचे मंदिर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचे, एका झोपडीत लावलेल्या पळनीच्या मुरुगनच्या चित्रातून वाढलेले. त्याचा संस्थापक अण्णास्वामी नायकर याने तिरुत्तणीला आपली जीभ कापून देवाला वाहिली, अशी मंदिराची परंपरा आहे. कवितेत भाला वेलनच्या हातात आणि सुरी बोकडाच्या मानेवर होती. इथे दोन्ही भक्ताच्याच देहावर आली. नॉर्स कथेत ओडिन भाल्याने विद्ध होऊन नऊ रात्री झाडाला टांगून घेतो, स्वतःला स्वतःसाठीच अर्पण करतो. पण ते देवाने केले, आणि त्याच्या भक्तांनी टांगले ते दुसऱ्यांना. तमिळ भक्ताने स्वतःलाच टोचून घेतले.

यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप असा की कावडीचा संगम कवितांत मागमूस नाही. कावडीची नामांकित गाणी, अण्णामलै रेड्डियारची ‘कावडिच्चिंदु’, एकोणिसाव्या शतकातली आहेत. अंगात शस्त्र टोचून घेणे तर अम्मनच्या जत्रांमधले, मुरुगनकडे ते नंतर आले. हे सगळे खरे धरले तरी माझा मुद्दा सुटत नाही, उलट घट्ट होतो. कावडी दोन हजार वर्षांची आहे असा माझा दावा नाही. देव अंगात येतो, आणि त्याला काही दिल्याशिवाय तो जात नाही, ही समजूत तेवढी जुनी आहे. गाभाऱ्यातून रक्त हद्दपार झाल्यावर ते ग्रामदेवतांच्या ओट्यावर टिकले, आणि तिथूनच, बोकडाऐवजी माणसाच्या देहावर बसून, मुरुगनच्या दारात परतले. सोय अशी की ते गाभाऱ्याबाहेरच राहते, त्यामुळे मंदिरपूजेचे नियम सांगणाऱ्या आगमशास्त्राला सोवळेही मोडावे लागत नाही.

सध्या तमिळनाडूत पुजाऱ्यांवरचा वाद जोरात आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सरकारने तमिळ अर्चनेची योजना कपालीश्वर मंदिरातून सुरू केली आणि त्याच महिन्यात सर्व जातींतल्या प्रशिक्षित अर्चकांना नेमणुका दिल्या. २०२३ मध्ये श्रीरंगमच्या शाळेतून तीन स्त्रिया अर्चकाचे प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडल्या. या वादात दोन्ही बाजू एकच गोष्ट गृहीत धरतात: पूजा म्हणजे मंत्र, प्रश्न फक्त तो कोणी आणि कोणत्या भाषेत म्हणायचा. सुधारकांनाही हवा आहे तो आगमशिक्षित पुजारीच. वेलनला परत आणा असे कोणी म्हणत नाही, आणि पुजारीण म्हणून बाईचे नाव निघते तेव्हा ‘तिरुमुरुगाट्रुप्पडै’तल्या कुरमगळचा दाखलाही क्वचितच दिला जातो, जरी मुरुगनच्या बाबतीत तो सगळ्यांत जुना आणि तमिळमधलाच आहे. तिच्या अंगात देव येत असे, तिला मंत्राची परीक्षा द्यावी लागत नव्हती; आजच्या कोणत्याही नेमणूकपत्रात तिच्यासाठी रकाना नाही, म्हणून ती कावडीच्या रांगेतच राहील असे मला वाटते.