प्रतिकृती क्रीडा मोटारगाड्या

पूर्वी थोड्या संख्येने तयार झालेल्या व उत्पादन बंद पडलेल्या एखाद्या प्रसिद्ध क्रीडा मोटारगाडीच्या रूपाबरहुकूम नव्याने बांधलेली गाडी. अशा गाडीचा बाह्याकार मूळ गाडीसारखा असतो. परंतु तिचा सांगाडा, एंजिन, दंतचक्र पेटी इ. भाग बहुधा दुसऱ्याच, सहज मिळणाऱ्या गाडीतून घेतलेले असतात. काही प्रतिकृती कारखान्यात पूर्ण करून विकल्या जातात, तर अनेक सुट्या भागांच्या संचाच्या रूपाने मिळतात व घेणारा त्या स्वतः जोडतो.

प्रतिकृती आणि तिच्याशी मिळत्याजुळत्या इतर दोन प्रकारांत भेद करणे आवश्यक आहे. जुन्या मूळ गाडीची दुरुस्ती करून तिला पूर्वस्थितीत आणणे म्हणजे पुनःस्थापन होय. यात गाडीची ओळख व इतिहास अखंड राहतो. मूळ निर्मात्यानेच जुन्या आराखड्यावरून नवीन गाडी तयार केल्यास तिला अनुवर्ती गाडी म्हणतात. उदा., जॅग्वार कंपनीने १९६३ मध्ये ई-टाइप गाडीच्या हलक्या वजनाच्या १८ नमुन्यांची योजना केली होती. प्रत्यक्षात १२ तयार झाले आणि उरलेले सहा बांधण्याचे काम कंपनीने २०१४ मध्ये हाती घेतले. प्रतिकृतीला मात्र मूळ निर्मात्याचा वारसा नसतो. तिचा मूळ गाडीशी असलेला संबंध केवळ रूपाचा असतो व तिच्या बहुतेक गुणदोषांचे मूळ यातच आहे.

इतिहास : प्रतिकृती गाड्यांचा प्रसार मुख्यतः काचतंतूंनी प्रबलित केलेल्या प्लॅस्टिकमुळे झाला. अ. सं. संस्थानांतील शेव्हरोले कॉर्व्हेट (१९५३) या गाडीने हा पदार्थ मोटारगाडीच्या कायेसाठी, म्हणजे बाहेरील आच्छादनासाठी, मोठ्या प्रमाणावर वापरता येतो हे दाखवून दिले. पोलादी पत्र्याला आकार देण्यास महागडे साचे व प्रचंड दाबयंत्रे लागतात. काचतंतूंचे काम साध्या छपरीतही करता येते. याच दशकात ब्रिटनमध्ये जुन्या ऑस्टिन व फोर्ड गाड्यांच्या सांगाड्यांवर अशी काया बसवून घरगुती क्रीडा गाड्या बनविण्याची प्रथा रूढ झाली. १९५७ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने लोटस सेव्हन ही गाडी आणली. ती सुट्या भागांच्या रूपात घेतल्यास त्या वेळचा खरेदी कर लागत नसे. १९७३ मध्ये मूल्यवर्धित कर आल्यावर ही सवलत संपली; त्याच वर्षी या गाडीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले.

गतकालीन गाडीच्या रूपाची जाणीवपूर्वक नक्कल करणारे ठळक उदाहरण म्हणजे एक्सकॅलिबर ही गाडी होय. ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन अभिकल्पकाने मर्सिडीझ-बेंझ एसएसके या १९२८–३२ या काळातील गाडीच्या धर्तीवर स्टूडबेकरच्या सांगाड्यावर ती तयार केली व १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात मांडली.

सर्वाधिक प्रतिकृती ज्या गाड्यांच्या झाल्या त्यांत एसी कोब्रा ही अग्रगण्य आहे. कॅरोल शेल्बी (१९२३–२०१२) या अमेरिकन शर्यतपटूने १९६२ मध्ये ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या एस गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे ‘व्ही’ आकाराचे एंजिन बसविले व त्यातून ही गाडी जन्मली. पहिल्या एंजिनाची धारणा सुमारे ४.२ लि. होती, १९६५ च्या नव्या नमुन्यात ती ७ लि. झाली. १९६७ पर्यंत सर्व मिळून सुमारे १,००० कोब्रा तयार झाल्या. या पहिल्याच कोब्राला २०१६ मधील लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर किंमत आली. अल्प संख्या, साधी रचना, सहज मिळणारे एंजिन आणि अवाक्याबाहेरची किंमत हे चारही घटक एकत्र आल्याने या गाडीच्या प्रतिकृतींची संख्या मूळ गाड्यांच्या कित्येक पट झाली.

रचना व बांधणी : काया तयार करण्यासाठी प्रथम मूळ गाडीवरून किंवा मापे घेऊन केलेल्या नमुन्यावरून साचा काढतात. साच्याच्या आतील पृष्ठावर रंगीत रेझिनाचा पातळ थर देतात. हाच पुढे गाडीचा बाहेरचा गुळगुळीत पृष्ठभाग होतो. त्यावर काचतंतूंच्या चटया पसरून त्या पॉलिएस्टर रेझिनाने भिजवितात व रूळ फिरवून आतील हवा काढून टाकतात. हवा राहिल्यास त्या जागी पुढे फोड येतात. रेझीन घट्ट होताना किंचित आकसते. म्हणून काया साच्यातून घाईने काढल्यास दारे व झाकणे नीट बसत नाहीत. या कामात उडणारी स्टायरिनाची वाफ व काचेची धूळ आरोग्यास अपायकारक असल्याने हवा खेळती ठेवणे व मुखवटा वापरणे जरूरीचे असते. काही निर्माते मूळ गाडीप्रमाणे ॲल्युमिनियमचीच काया घडवितात. अमेरिकेतील एका कंपनीने कोब्राच्या अशा काया पोलंडमधील मिएलेत्स येथे, पूर्वी लढाऊ विमाने बांधणाऱ्या कारखान्यातील कारागिरांकडून हाताने घडवून घेतल्या.

काया डोळ्यांत भरत असली, तरी गाडीचे वर्तन सांगाड्यावर ठरते. वळणावर व खडबडीत रस्त्यावर सांगाड्याला पीळ पडतो. पातळ भिंतीच्या नळीचा पिळास होणारा विरोध तिच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ७ लि. एंजिनाच्या कोब्रात मुख्य नळ्यांचा व्यास ३ इंचांवरून ४ इंच करण्यात आला. भिंतीची जाडी तीच धरल्यास एवढ्या बदलाने नळीचा विरोध सुमारे २.४ पट होतो. हे गणित न जाणता केवळ बाह्याकाराची नक्कल करणाऱ्याची गाडी उभी असताना मूळ गाडीसारखी दिसते, पण वेगात तिच्यावर ताबा राहत नाही.

यांत्रिक भागांसाठी निवडलेल्या गाडीस दाता गाडी म्हणता येईल. फोक्सवॅगन बीटलचा सपाट तळ व मागील एंजिन पोर्श स्पीडस्टरच्या प्रतिकृतींना सोयीचे ठरले; स्वतः पोर्शच्या आरंभीच्या गाड्याही फोक्सवॅगनच्या भागांवरच आधारलेल्या होत्या. ब्रिटनमध्ये कोब्राच्या प्रतिकृतींसाठी जॅग्वार एक्सजे६ ची निलंबन यंत्रणा, तर अ. सं. संस्थानांत फोर्ड मस्टँगचे भाग पुष्कळ वापरले गेले. दात्याची निवड चुकल्यास प्रमाणे बिघडतात. लँबोर्गिनी काऊंटॅशच्या अनेक प्रतिकृती पाँटिॲक फिएरो (१९८४–८८) या गाडीवर बांधल्या गेल्या. काऊंटॅशच्या पुढील व मागील आसांमधील अंतर २,४५० मिमी., तर फिएरोचे २,३७३ मिमी. आहे. सांगाडा न लांबविता वर काया चढविल्यास सु. ८ सेंमी.चा हा फरक जाणकाराच्या नजरेतून सुटत नाही.

गुण : (१) मूळ गाडीच्या किमतीच्या अल्पांशात तिच्या रूपाचा व काही अंशी तिच्या चालीचा अनुभव मिळतो. (२) कोट्यवधी रुपयांची मूळ गाडी मालक सहसा रस्त्यावर आणत नाही. प्रतिकृती मात्र निर्धास्तपणे चालविता येते. (३) चित्रपटातील मोडतोडीच्या प्रसंगांत मूळ गाड्या वाचतात. *फेरिस ब्यूलर्स डे ऑफ* (१९८६) या चित्रपटात दरीत कोसळणारी फेरारी ही प्रतिकृतीच होती. (४) अद्ययावत चकती-ब्रेक, टायर व पट्टे बसविल्यास ती काही बाबतींत मूळ गाडीपेक्षा सुरक्षित होऊ शकते. प्रचलित दात्याचे सुटे भागही सहज मिळतात. (५) काचतंतूंची काया गंजत नाही व किरकोळ मोडतोड घरीही दुरुस्त करता येते. (६) संपूर्ण गाडी स्वहस्ते जोडल्याने यंत्रशास्त्राचे जे ज्ञान मिळते, ते केवळ वाचनाने मिळत नाही. रॉन चॅम्पियन यांच्या २५० पौंडांत क्रीडा गाडी बांधण्याविषयीच्या १९९६ मधील पुस्तकामुळे ब्रिटनमध्ये अनेक हौशी लोक या कामाकडे वळले.

दोष : पहिला दोष खर्चाविषयीच्या भ्रमाचा होय. संचाची किंमत हा एकूण खर्चाचा एक भागच असतो. एंजिन, टायर, अंतर्भागाची सजावट, रंग व तपासणी यांचा खर्च वेगळा. कामाचे शेकडो तास हिशेबात धरले जात नाहीत व पैसा किंवा उत्साह संपल्याने पुष्कळ गाड्या अर्धवट राहतात. अपुरी गाडी विकताना घातलेली रक्कम क्वचितच परत मिळते. याउलट उत्तम बांधणीच्या गाडीचे मूल्य मुख्यतः बांधणाऱ्याच्या लौकिकावर अवलंबून राहते.

दुसरा व सर्वांत गंभीर दोष सुरक्षिततेचा आहे. मोठ्या कारखान्यातील नमुना प्रत्यक्ष आदळवून तपासतात. एकट्याने बांधलेल्या गाडीची अशी कसोटी होत नाही. सुमारे १,१०० किग्रॅ. वजनाच्या गाडीत ७ लि. एंजिन बसविणे सोपे, पण त्याच्या शक्तीला पुरे पडतील असे ब्रेक, आस व सांगाडा देणे अवघड असते. सुकाणूच्या दांड्या व निलंबनाचे बाहू यांची भूमिती जुळली नाही, तर खड्ड्यातून जाताना चालकाने सुकाणू चक्र न फिरविताही पुढची चाके वळतात. काचतंतूंच्या कायेतून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला व उपकरणाला परतीची वेगळी तार द्यावी लागते; ती सैल राहिल्यास रात्री दिवे अचानक बंद पडतात. सांध्यांचे वितळजोडकाम (वेल्डिंग) कच्चे असल्याचे वरून दिसत नाही, ते तुटल्यावरच कळते. या चुकांची झळ मालकापुरतीच मर्यादित राहत नाही. रस्त्यावरील इतरांनाही ती पोहोचते.

तिसरा दोष ऐतिहासिक वस्तूंच्या हानीचा आहे. फेरारी २५० जीटीओ या १९६२–६४ मधील गाडीचे अवघे ३६ नमुने मुख्य मालिकेत तयार झाले. तिच्या प्रतिकृतींसाठी त्याच काळातील, तुलनेने स्वस्त असलेल्या चार आसनी फेरारी गाड्या कापण्यात आल्या. अशा प्रकारे एका खऱ्या गाडीचा नाश होऊन त्या जागी दुसरीची नक्कल उभी राहते. नक्कल हुबेहूब असेल व तिच्यावर जुना सांगाडा क्रमांक कोरला असेल, तर फसवणुकीचा मार्गही खुला होतो. म्हणूनच कोब्रासारख्या गाड्यांच्या प्रत्येक सांगाडा क्रमांकाचा इतिहास नोंदविणाऱ्या सूची संग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या आहेत.

कायदा : बाह्यरूपावर मूळ निर्मात्याचा हक्क कितपत, हा प्रश्न अनेकदा न्यायालयांत गेला. फेरारीच्या डेटोना व टेस्टारोसा या गाड्यांच्या रूपाची नक्कल करणाऱ्यास केलेली मनाई अ. सं. संस्थानांतील सहाव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने १९९१ मध्ये कायम केली. इटलीतील बोलोन्या येथील न्यायालयाने २०१९ मध्ये २५० जीटीओ गाडीला कलाकृती म्हणून संरक्षण दिले.

सुरक्षिततेबाबत ब्रिटनमध्ये एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून मान्यता देण्याची पद्धत १९९८ मध्ये सुरू झाली. २००९ पासून तिची जागा अधिक काटेकोर पद्धतीने घेतली. तीत ब्रेक, दिवे, पट्ट्यांचे आधारबिंदू, तसेच पादचाऱ्यास इजा करील अशा धारदार कडाही तपासतात. अ. सं. संस्थानांत २०१५ च्या कायद्याने लहान निर्मात्यांना वर्षाला ३२५ पर्यंत प्रतिकृती गाड्या विकण्याची मुभा दिली. मूळ नमुना किमान २५ वर्षांचा असावा, रूपाचे हक्क घेतलेले असावेत आणि एंजिन प्रदूषणविषयक नियमांत बसावे, या अटी तीत आहेत. संबंधित नियम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदलेल्या गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही बाब स्पष्ट केली. त्यामुळे जुन्या गाडीवर नवी काया चढवून ती रस्त्यावर आणणे येथे सहजसाध्य नाही. नव्या नमुन्यास पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च ॲसोसिएशन ऑफ इंडिया यांसारख्या मान्य संस्थेचे चाचणी प्रमाणपत्र लागते आणि एकच गाडी बांधणाऱ्यास हा खर्च पेलत नाही. महाराष्ट्रात अलिबागजवळ चिंकारा मोटर्स या लहान कंपनीने लोटस सेव्हनच्या धर्तीची, १.८ लि. इसुझू एंजिनाची गाडी तयार केली होती.

मूल्यमापन : प्रतिकृतीचे मूल्य दोन कसोट्यांवर ठरते. ती आपण प्रतिकृती असल्याचे उघडपणे सांगते की नाही, ही पहिली. आणि तिच्या सांगाड्याचे, ब्रेकचे व जोडकामाचे परीक्षण तज्ञ व त्रयस्थ व्यक्तीने केले आहे की नाही, ही दुसरी. दोन्हींना उतरणारी गाडी हौसेला व कारागिरीला वाव देते आणि दुर्मिळ मूळ गाड्यांवरील ताणही कमी करते. पहिलीत उणी पडणारी गाडी घेणाऱ्याच्या द्रव्यास, तर दुसरीत उणी पडणारी त्याच्या व इतरांच्या जीवितास धोका ठरते.