अवर्षणानंतरचें दान

अवर्षण ही आपत्ति भूकंपासारखी एका रात्रींत येत नाहीं. ती विहिरीच्या तळाशीं हळूहळू उतरते, दावणीचीं जनावरें एकेक करून बाजारांत नेते आणि शेवटीं माणसांस गांवांतून उठविते. म्हणून तिच्या निवारणाचें कामही दोन प्रकारचें आहे. पहिलें तात्कालिक, म्हणजे अन्न, पाणी व वैरण पुरविण्याचें. दुसरें पुनर्घटनेचें, ज्यायोगें पुढील अवर्षणांत तोच मनुष्य पुन्हां याचक होऊन दारीं येऊं नये. पहिलें काम आपल्या घराघरांतून यथाशक्ति होत आलें आहे. दुसऱ्याकडे आपलें लक्ष फारसें गेलें नाहीं. जालना जिल्ह्यांत हें दुसरें काम ख्रिस्ती धर्मसेवकांच्या प्रेरणेनें दोन निरनिराळ्या काळीं झालें. त्या दोहोंतील अंतर विचार करण्याजोगें आहे.

पहिला प्रसंग १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांतला. नारायण शेषाद्रि हे ब्राह्मणकुळांत जन्मलेले. मुंबईस स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सहवासांत १८४३ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपति याच्या शुद्धीकरणावरून त्या वेळीं केवढा वाद माजला आणि बाळशास्त्री जांभेकरांनीं त्या मुलाचा पक्ष कसा घेतला, हें आपल्या समाजाच्या इतिहासांत प्रसिद्धच आहे. पुढें नारायणराव पाद्री होऊन जालन्यास आले. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनीं शहराजवळ 'बेथेल' नांवाचें गांव वसविलें. तेथें आलेले लोक मुख्यतः मातंग समाजांतले, म्हणजे त्या काळीं अस्पृश्य मानलेले व बहुधा भूमिहीन. पाऊस चुकला कीं पहिला घाव अशांवरच बसे. बेथेलमध्यें त्यांस घर, शेत व शाळा मिळाली.

या साहाय्याची किंमत धर्मांतर ही होती, असें आपल्याकडे म्हटलें जातें. आणि तें गांव ख्रिस्ती वस्ती म्हणूनच वसलें, हें खरें आहे. उपाशी माणसाची संमति ही मोकळी संमति नव्हे, हा आक्षेपही योग्यच. परंतु तो घेणारानें एका प्रश्नाचें उत्तर दिलें पाहिजे. ज्या गांवांतून तीं माणसें उठलीं, त्या गांवानें त्यांस कोणती जमीन, कोणती विहीर, कोणती शाळा देऊं केली होती?

दुसरा प्रसंग शंभरांहून अधिक वर्षांनंतरचा. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट पंथाचे फादर हरमन बाखर यांनीं अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) जिल्ह्यांतील कोरडवाहू गांवांत दीर्घकाल काम केलें. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडून लाखों लोक जगले. पण फोडलेल्या खडीनें विहिरीस पाणी येत नाहीं. पाणी यावयाचें तर पाऊस पडेल तेथेंच तो जिरविला पाहिजे. याच विचारांतून १९८९ च्या सुमारास बाखरांच्या पुढाकारानें व जर्मन सरकारच्या साहाय्यानें 'इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम' उभा राहिला. नाबार्ड ही त्यांतील भारतीय सहकारी संस्था.

त्याच कार्यक्रमांत जालना तालुक्यांतील कडवंची हें गांव आलें. १९९६ च्या सुमारास विजयअण्णा बोराडे यांची मराठवाडा शेती साहाय्य मंडळ ही संस्था आणि खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्र यांनीं तेथें काम हातीं घेतलें. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर खणले, बांध घातले, नाले अडविले. मागाहून शेततळीं झालीं, द्राक्षांचे मळे झाले. २०१२ च्या अवर्षणांत जालना शहर टँकरच्या पाण्यावर दिवस काढीत असतां कडवंचीचे मळे हिरवे होते.

कडवंचीस कोणी कोणाचा धर्म विचारला नाहीं. तथापि तेथेंही किंमत होतीच. या कार्यक्रमाच्या अटीच अशा, कीं गांवानें श्रमदान करावें, मोकाट चराई थांबवावी व झाडावर कुऱ्हाड चालवूं नये. ही किंमत देणाराच्या पदरांत पडली नाहीं. ती गांवाच्याच मातींत राहिली. बेथेलमध्यें माणसांस जुनें गांव सोडून नव्या गांवीं यावें लागलें. कडवंचीस जुनेंच गांव, त्याच्या देवळासह, नव्यानें उभें राहिलें. साहाय्य कोणीं केलें याहून तें कोणत्या अटीवर केलें, हें अधिक महत्त्वाचें ठरतें, तें असें.

दान देतांना देश, काल व पात्र पाहावें, असें आपलें शास्त्र सांगतें. 'पात्र' या शब्दाचा भांडें असाही अर्थ आहे. ज्या शिवारांत पाणी ठरत नाहीं तें शिवार म्हणजे फुटकें भांडें. त्यांत टँकर ओतून तृषा एका दिवसापुरतीच भागते. आधीं भांडें सांधलें पाहिजे. आपत्तीची वार्ता आली कीं आपल्या कुटुंबांतून वर्गणी निघते, ही स्तुत्यच गोष्ट आहे. मात्र घरांतील वडील माणसांनीं एवढें करावें, कीं त्या रकमेचा अर्धा भाग तेव्हांच पाठवावा आणि उरलेला अर्धा, पाऊस पडून वर्तमानपत्रें तें गांव विसरलीं म्हणजे, बांधबंदिस्तीच्या कामास द्यावा. खरी गरज त्या वेळीं असते, आणि देणारे त्याच वेळीं थोडे असतात.