आपल्याच नावाचा पक्षी ओळखता का?



मृग लागला की नामपल्लीच्या एक्झिबिशन ग्राउंडवर दम्याच्या मत्स्यप्रसादासाठी रांगा लागतात आणि मरळीच्या पिल्लांना मागणी येते. तिथे सगळ्यांची नजर माशावर. पण मासा जिथे वाढतो त्या तळ्यावर आपल्याबरोबर आणखी कोण मासे धरतं, तिकडे फारसं कोणी बघत नाही. आज त्या सोबत्यांविषयी.

नावं आपल्या घरातली

खंड्याला मराठीत 'धीवर' असंही म्हणतात. धीवर म्हणजे मासे धरणारा, म्हणजे आपलंच नाव! काळा-पांढरा कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि मासा दिसला की सरळ खाली सूर मारतो. निळ्या पंखांचा, पांढऱ्या छातीचा खंड्या माशांबरोबर नाकतोडे, सरडे, बेडूकही खातो, म्हणून तो पाण्यापासून लांबही दिसतो. दोघंही मातीच्या उभ्या काठात बीळ करून अंडी घालतात. जेसीबीने काठ सपाट केला की त्यांचं घर गेलंच.

आणखी काही ओळखी:

• वारकरी – अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा.
• हळदी-कुंकू बदक – चोचीचं टोक पिवळं, चोचीच्या मुळाशी लाल ठिपके.
• थापट्या – गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच. हा हिवाळी पाहुणा.
• कमळपक्षी – तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि ती उबवायचं काम नर करतो.
• मुग्धबलाक – चोच मिटली तरी मधे फट राहते. याचं मुख्य खाणं गोगलगायी, त्यामुळे आपल्या माशांना त्रास नाही.

पाणकावळ्याचं काय करायचं?

ही तक्रार खरी आहे. पाणकावळा मासेच खातो, आणि नुकतीच सोडलेली बारीक बोटुकली त्याला सहज सापडते. पण उपाय आपल्या हातात आहे. बोटुकली जरा मोठी करून सोडा. पाणकावळा दिवसा शिकार करतो, म्हणून संध्याकाळी सोडा, आणि सगळी एकाच जागी ओतू नका. पक्ष्याला मारणं किंवा विष घालणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि विष पाण्यात उतरलं तर आपलाच मासा मरतो.

आणि हा पक्षी खबरही देतो. पाणकावळ्यांचा थवा एकाच जागी पुन्हा पुन्हा बुडी मारतोय आणि काठावर बगळे जमलेत, तर तिथे बारीक माशांचा थवा आहे असं समजा.

जाळ्यात पक्षी अडकला तर

बुडी मारणारे पक्षी नायलॉनच्या जाळ्यात अडकून गुदमरतात. पक्षीही जातो, जाळंही फाटतं. जिवंत सापडला तर आधी डोक्यावर फडकं टाका, म्हणजे तो शांत होतो. चोच धरून ठेवा. बगळा आणि पाणकावळा थेट डोळ्यावर चोच मारतात. दोरा ओढू नका, कात्रीने कापा. फाटकं जाळं पाण्यात किंवा काठावर सोडू नका.

पायात कडी किंवा गळ्यात नंबरचा पट्टा दिसला तर फोटो काढून मुंबईच्या बीएनएचएसला कळवा. पट्ट कादंब हंस हिमालय ओलांडून येतात. मंगोलियात पट्टा घातलेले कादंब आपल्या देशात दिसलेले आहेत. असा एक नंबर कळला की पक्ष्याचा सगळा प्रवास समजतो.

छंद, आणि चार पैसेही

१९३१ मध्ये निजाम सरकारच्या मदतीने सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सुरू केली. तेव्हा मराठवाडाही याच संस्थानात होता. १९८० पासून शहरात पक्षीनिरीक्षकांची संस्था आहे, आज तिचं नाव डेक्कन बर्डर्स. शहराजवळचं अमीनपूर तळं २०१६ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं.

उजनी धरणावर भिगवणजवळ कुंभारगाव आहे. तिथली मच्छीमार मंडळी हिवाळ्यात पर्यटकांना होडीतून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, दाखवतात. घरचं जेवण देतात, मुक्कामाची सोय करतात. होडी तीच, पाणी तेच, कमाई मात्र वेगळी. पण पक्षी टिकले तरच पाहुणे येणार, हे त्यांना कळलंय. होडी थव्यात घुसवायची नाही, पक्षी उडवून फोटो काढायचे नाहीत, आणि प्रत्येकाला लाइफ जॅकेट द्यायचं, एवढं पाळलं तर हे काम आपल्याकडेही जमेल.

सुरुवातीला दुर्बीणही लागत नाही. पहाटे जाळं काढायला जाताच ना? पोरांना वही द्या. तारीख, जागा, कोणता पक्षी, किती आणि काय करत होता, एवढंच लिहायचं. वर्षभराने कोण कधी येतं आणि कधी जातं, हे तुमच्या तळ्यापुरतं तुम्हीच सांगाल.

तुमच्या घरी या पक्ष्यांना काय म्हणतात? आजी-आजोबांना विचारा आणि खाली लिहा. ही जुनी नावं हरवायला नकोत.